कोपरा फाडलेलं कार्ड : मालवण किनाऱ्यावर बातमी ऐकण्याचा आणि टाळण्याचा इतिहास

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास सांगायला बसलं की सुरुवात आमच्या जिल्ह्यापासूनच करावी लागते. बाळशास्त्री जांभेकर देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ रोजी त्यांनी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, आणि तो दिवस आज महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो. पुढचाही इतिहास लिहिलेला आहे. कोणतं पत्र कुठे निघालं, संपादक कोण, वेंगुर्ल्याचं ‘किरात’ १९२२ साली कसं सुरू झालं, हे सगळं सापडतं. पण हा झाला बातमी देणाऱ्यांचा इतिहास. बातमी घेणाऱ्यांविषयी फारसं कुणी लिहिलेलं नाही, आणि ज्यांना बातमी नको असायची त्यांच्याविषयी तर नाहीच.

हा विषय अलीकडे एकदम चर्चेत आला आहे. ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटच्या वार्षिक पाहणीत अनेक देशांतल्या लोकांना विचारतात, की तुम्ही कधी जाणूनबुजून बातम्या टाळता का? २०१७ साली २९ टक्के लोक ‘हो, कधी कधी तरी’ असं म्हणाले. २०२४ साली हे प्रमाण ३९ टक्क्यांवर गेलं. बातम्यांनी मन खट्टू होतं, हे एक मोठं कारण. दुसरीकडे, सतरा देशांत झालेला एक प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाला. लोकांना चित्रवाणीवरच्या बातम्या दाखवून त्यांच्या नाडीत आणि तळहाताच्या घामात काय फरक पडतो ते त्यात मोजलं होतं. सरासरीने वाईट बातमीला शरीर अधिक जागं होतं, पण माणसामाणसांत फरक खूप, असं त्यातून निघालं. म्हणजे वाईट बातमी खेचतेही आणि पळवूनही लावते. हे आजच्या मोबाइलचं दुखणं आहे असं मानण्याकडे लिहिणाऱ्यांचा कल असतो. मला ते पटत नाही. आमच्या किनाऱ्यावर बातमी टाळण्याची रीत निदान शंभर-सव्वाशे वर्षं जुनी आहे, आणि ती टाळणारे लोक जगाबद्दल बेफिकीर होते म्हणून टाळत नव्हते. ज्याचं माणूस बाहेर, त्यालाच बातमी सर्वांत जास्त हवी असायची आणि त्यालाच तिची सर्वांत जास्त भीती.

माणसं बाहेर होतीही किती! १८८१च्या खानेसुमारीत मुंबईच्या पावणेआठ लाख वस्तीत सव्वा लाखाच्या आसपास माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. तेव्हा मालवण, वेंगुर्ला, देवगड हे सगळं रत्नागिरीतच. सिंधुदुर्ग वेगळा झाला तो १ मे १९८१ रोजी. गिरणीत, गोदीत, पोलिसात, मोठ्या घरांत स्वयंपाकाला, जहाजांवर खलाशी म्हणून आणि मराठा पलटणींत शिपाई म्हणून हे लोक होते. घरी राहिले ते म्हातारे, बायका आणि मुलं. दोहोंना जोडणारा दोर म्हणजे आगबोट. पावसाळा सोडून एरवी मुंबईहून निघालेली बोट विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला करीत गोव्याकडे जायची. मे संपता संपता समुद्र खवळला की बोटी बंद, त्या पुन्हा सुरू व्हायच्या नारळी पौर्णिमेच्या पुढेमागे. मधले तीन महिने टपाल यायचं ते घाटावरून. कोल्हापूरला १८९१ साली रेल्वे आल्यावर हा मार्ग पुष्कळ सुधारला, तरी नद्या फुगल्या, घाटात दरड आली की थैली अडकायचीच.

पावसाळ्यातल्या या शांततेबद्दल जुनी माणसं बोलतात तेव्हा मला एक गोष्ट नेहमी जाणवते. ते तिला नुसती गैरसोय म्हणत नाहीत. लावणीचे दिवस, अंगात त्राण नाही, आणि त्यात मुंबईचं काही कळत नाही. पण कळत नाही म्हणजे सगळं ठीक आहे असं धरून चालण्याची मुभाही त्यात होती. श्रावणात पहिली बोट धक्क्यापासून लांब नांगर टाकायची, होड्या तिला लागायच्या, आणि मग किनाऱ्यावर उभ्या असलेल्यांची तोंडं बघायची. कोणी पुढे घुसायचं, कोणी मागे नारळीखाली उभं राहायचं. बातमीकडे धावणारे आणि बातमीपासून मागे सरणारे एकाच धक्क्यावर असायचे, आणि बहुधा एकाच घरातले.

आता कार्डाकडे येतो. आपल्याकडे पोस्टकार्ड सुरू झालं १८७९ साली, किंमत पाव आणा, म्हणजे जुना एक पैसा. मनीऑर्डर आली १८८० साली. या दोन गोष्टींनी कोकणचं घर चालवलं. कार्डाचा मायना ठरलेला : वर श्री, मग नमस्कार, मग ‘इकडील सर्व खुशाल, तुमची खुशाली कळवावी’. पुढचा मजकूर पैशांचा, पेरणीचा, गाय व्यायल्याचा. मृत्यूचं कार्ड याच्या उलट. त्यावर श्री नसायचं, खुशालीची ओळ नसायची, आणि एक कोपरा फाडलेला असायचा. वाचता न येणाऱ्यालाही पोस्टमनच्या हातात ते कार्ड दिसताच कळायचं. पोस्टमन सहसा पडवीत चढायचा नाही, खळ्यातूनच हाक मारायचा. कार्ड वाचून झालं की ते घरात ठेवायचं नाही. फाडून टाकायचं, आणि अंघोळ.

हे सगळं अंधश्रद्धा म्हणून सोडून देणं सोपं आहे. मी त्याकडे एक व्यवस्था म्हणून बघतो. माणसाला धक्का बसणारच आहे, तर तो शब्दातून न बसता आधी डोळ्याला बसावा, मधे दोन क्षण मिळावेत, कुणीतरी शेजारी बोलावून घ्यावं, एवढी सोय त्या फाटक्या कोपऱ्यात आहे. तारेचंही तेच. तार म्हटली की घर हादरायचं, कारण खर्च करून कुणी आनंद कळवत नसे. मुलगा परीक्षेत पास झाला तर कार्ड चालायचं. तारेतला ठरलेला मजकूर म्हणजे आई सीरियस, ताबडतोब निघा. माणूस गेलेलं असलं तरी सीरियसच लिहायचं. वाचणाऱ्याला खरं काय ते कळायचं, पण प्रवास होईपर्यंत ते न कळल्याचं ढोंग करता यायचं. जुलै २०१३मध्ये तार बंद झाली तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ हळवं लिखाण आलं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या बायकांना त्यात हळवं होण्यासारखं काही दिसलं असेल असं वाटत नाही.

या व्यवस्थेचा धर्मशास्त्राशी धागा आहे, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. सुतक हे मृत्यूने लागतं असं आपण म्हणतो, पण दूरच्या माणसाच्या बाबतीत ते कळण्याने लागतं. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातच हिशोब दिलेला आहे : परदेशी गेलेल्या सपिंडाचा मृत्यू दहा दिवसांच्या आत कळला तर उरलेले दिवस, दहा दिवसांनंतर कळला तर तीन रात्री, वर्ष उलटून गेल्यावर कळला तर नुसतं स्नान. म्हणजे बातमी उशिरा पोचते हे शास्त्राने गृहीतच धरलं होतं, आणि शोकाचे दिवस त्याप्रमाणे बसवले होते. आमच्या लोकांनी या हिशोबाचा दुसरा अर्थ बरोबर ओळखला : कळलं नाही तर लागत नाही. म्हणून लग्नघरापासून बातमी लपवायची. म्हणून गणपती चार दिवसांवर आले असताना मुंबईहून काही आलं, तर ते घरातल्या एका पुरुषाने खिशात ठेवायचं आणि मूर्ती विसर्जनाला गेल्यावर सांगायचं. कोकणात गणपती चुकणं ही लहान गोष्ट नाही. खिशात ते कार्ड ठेवून पाच दिवस आरत्या म्हणणाऱ्या माणसाची अवस्था काय होत असेल, याचा विचार मी पुष्कळदा करतो. बातमी टाळण्याचं ओझं शेवटी कोणा एकालाच उचलावं लागायचं.

या चालीचा एक परिणाम आम्हा शोधकांना भोगावा लागतो. जुन्या घरांच्या माळ्यावर, ट्रंकांत, मनीऑर्डरच्या पावत्या मिळतात, लग्नपत्रिका मिळतात, खुशालीची कार्डं तर दोऱ्यात ओवलेली ढिगाने मिळतात. कोपरा फाडलेलं कार्ड मिळत नाही. ते मिळायचंच नाही, कारण ते राहू नये हाच त्याचा नियम होता. उद्या कुणी या कागदांवरून मालवणचा इतिहास लिहिला तर इथे कुणी मेलंच नाही असं वाटेल.

सरकारी कागदांत मरणं मोजलेली असतात, पण तिथे भीती मोजलेली नसते. सप्टेंबर १८९६मध्ये मुंबईत मांडवीला डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं आणि पुढच्या चार-पाच महिन्यांत जवळपास निम्मं शहर पळालं. आमच्या आगबोटी भरभरून आल्या. फेब्रुवारी १८९७मध्ये साथरोगांचा कायदा झाला, बंदरांवर तपासण्या सुरू झाल्या. तोवर मुंबईहून येणारा माणूस म्हणजे पैसे, कपडे, बातम्या आणि गजाली. आता त्याच्या बातमीसकट त्याचीच भीती वाटू लागली. इथे एक फरक पडला. पूर्वी बातमी वाईट असेल म्हणून टाळायचे; आता बातमी आणणाराच वाईट. २०२० साली करोनात गावांच्या वेशीवर बांबू आडवे लागले, गणपतीला येणाऱ्या चाकरमान्यांना विलगीकरणाच्या अटी लागल्या, तेव्हा लोक म्हणाले की कोकणात असं कधी झालंच नव्हतं. झालं होतं.

युद्धांनी आणखी एक प्रकार दाखवला : वरूनच दाबलेली बातमी. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणींचे शिपाई मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात अडकले आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तुर्कांच्या कैदेत गेले. त्यातले कितीतरी आमच्या भागातले. दुसऱ्या महायुद्धात तर आग आपल्याच दारात लागली. १४ एप्रिल १९४४ रोजी दुपारी चारच्या सुमाराला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाजाचा स्फोट झाला. कोकणातला माणूस गोदीत नाही असं गाव विरळा. पण युद्धकाळाच्या सेन्सॉरमुळे तपशील मोकळेपणाने छापण्यावर आठवडेच्या आठवडे बंधनं होती. जगाला पहिली सविस्तर हकिकत कळली ती जपान्यांच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओवरून. एप्रिल असल्यामुळे बोटी चालू होत्या, म्हणजे इथे तोंडी खबर येतच होती. छापील बातमी नाही आणि तोंडी खबर भरपूर, अशा वेळी घाबरलेला माणूस प्रत्येक खबर ऐकतो आणि एकीवरही विश्वास ठेवत नाही. खोटी मरणवार्ता आली की त्या माणसाचं आयुष्य वाढतं, असं आपल्याकडे म्हणतात. ही समजूत अशाच दिवसांनी जिवंत ठेवली असावी असा माझा तर्क आहे.

आणि मग ‘रामदास’. या बोटीवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे, तरी बातमीच्या अंगाने ती पुन्हा बघण्यासारखी आहे. १७ जुलै १९४७, आषाढ अमावास्येचे दिवस. सकाळी आठला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट काशाच्या खडकाजवळ लाटेने कलंडली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी यंत्रणा नव्हती, त्यामुळे शहराच्या इतक्या जवळ एवढी माणसं बुडत असताना शहराला पत्ता नव्हता. मदत केली ती मासळी घेऊन मुंबईकडे निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी. होड्यांतली मासळी समुद्रात टाकून त्यांनी माणसं आत घेतली. मुंबईला कळलं ते वाचलेले लोक किनाऱ्याला लागल्यावर.

दुसऱ्याच दिवशी, १८ जुलैला, लंडनमध्ये भारताच्या स्वातंत्र्याच्या कायद्यावर राजाची सही झाली. पुढचे चार आठवडे देशाला दुसरं काही ऐकायला सवड नव्हती; फाळणी होती, संस्थानं होती, १५ ऑगस्ट होता. सहाशे माणसांची बोट त्या लाटेखाली दुसऱ्यांदा बुडाली. देशाच्या इतिहासाच्या पुस्तकांत ती जवळजवळ नाहीच. किनाऱ्यावर मात्र तिला कुणी विसरलं नाही. बातमी टिकते कुठे, तर जिथे ऐकणारा स्वतःला त्या जागी ठेवून बघतो तिथे.

मालवणला हे कळलं तेव्हा आमच्या बोटी पावसाळ्यामुळे बंद होत्या. बुडालेली बोट रेवसची, म्हणजे त्यात आपलं कोणी नसणार, हा पहिला हिशोब. या हिशोबाला निर्दयपणा म्हणू नये. शेकडो मेल्यांची बातमी एकदम कुणालाच झेपत नाही. माणूस आधी आपलं एक नाव त्यातून बाहेर काढून घेतो आणि मगच उरलेल्यांसाठी रडायला मोकळा होतो. मोठ्या संख्येच्या बातमीत आजही आपण सगळे गावाचं नाव आधी शोधतो. पण बोटी परत सुरू झाल्या तेव्हा ‘रामदास’ प्रत्येक प्रवाशाबरोबर चढली. पुढे वीस-पंचवीस वर्षं, मालवणच्या होडीतून बोटीच्या शिडीवर पाय ठेवताना बायका तिचं नाव काढू द्यायच्या नाहीत. माहिती सगळ्यांना होती. उच्चार नको होता. बातमी टाळणं आणि बातमी ठाऊक नसणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे पाहणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यायला हवं.

मेलेल्याची बातमी निदान येते तरी. समुद्रावर गेलेल्याची पुष्कळदा येतच नाही. गाबीत, खारवी कुटुंबांत हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा. होडी परतली नाही, देह लागला नाही, तर ती बाई कोण? सवाष्ण की विधवा? धर्मशास्त्राने बारा वर्षं वाट बघायला सांगितली आणि मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायला सांगितला. इंग्रजांनी १८७२च्या पुराव्याच्या कायद्यात सात वर्षं ठरवली. त्यातल्या १०८व्या कलमाचा आशय मोठा विलक्षण होता : माणूस जिवंत असता तर ज्यांना साहजिकच त्याची खबर लागली असती, त्यांना सात वर्षं ती लागली नाही, तर तो जिवंत आहे हे म्हणणाऱ्याने सिद्ध करावं. इथे मरण सिद्ध होतं ते बातमी न येण्याने. ११ नोव्हेंबर २००९च्या फयान वादळात रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या खलाशांच्या घरांना याच कलमाशी झगडावं लागलं. भरपाईसाठी मृत्यूचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी देह. ज्या बाईने मनातून ती बातमी यायला नको म्हणून देव पाण्यात ठेवले, तिलाच कचेरीत जाऊन ती मागावी लागते.

गिरणी संपाची गोष्ट वेगळ्या जातीची, आणि ती मी पाहिलेली आहे. १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली अडीच लाखांवर कामगार संपावर गेले तेव्हा मी शाळेत होतो. पहिल्या उन्हाळ्यात गावाला परतलेले चाकरमानी दुकानाच्या बाकावर बसून पेपर मोठ्याने वाचायचे, शेवटच्या ओळीपर्यंत. वाटाघाटींच्या बातमीवर भांडणं व्हायची. दुसऱ्या पावसाळ्यात तेच लोक त्याच बाकावर बसायचे आणि पेपर दुकानदाराच्या पुड्या बांधायच्या कामी यायचा. संप मिटल्याची बातमी आलीच नाही. तो अधिकृतपणे कधी मागे घेतलाच गेला नाही. भीतीला निदान शेवट असतो. इथे आशेलाच शेवट नव्हता, आणि आशेने थकलेला माणूस बातमीकडे सर्वांत घट्ट पाठ फिरवतो.

रागाची बातमी मात्र याच्या अगदी उलट चालते. २६ ऑगस्ट २०२४ला मालवणच्या राजकोटावरचा शिवरायांचा पुतळा कोसळला; नौदल दिनी, ४ डिसेंबर २०२३ला त्याचं अनावरण झालेलं, म्हणजे नऊ महिनेही झाले नव्हते. ती दृश्यं लोकांनी पुन्हा पुन्हा बघितली, पुढे पाठवली, चौकात उभं राहून दाखवली. त्या बातमीचा कोपरा फाडायची कुणाला गरज वाटली नाही, कारण ती सगळ्यांची होती. कुणा एका घराची नव्हती. राग चारचौघांत वाढतो. धास्ती माणूस घरात घेऊन बसतो. आजची वाहिनी दिवसभर पहिल्या प्रकारचं खाद्य पुरवते आणि अधूनमधून त्यात दुसऱ्या प्रकारचं मिसळते. श्री नसलेल्या कार्डासारखी खूण तिच्यावर नसते. मग ज्याचं कोणी बाहेर आहे तो सरळ सेट बंद करतो, यात नवल ते काय?

मे २०२१मधल्या तौक्ते वादळात तर सगळा क्रमच उलटला. १६ मेला वादळ आमच्या किनाऱ्याला घासून वर गेलं. विजेचे खांब आडवे, मोबाइलचे मनोरे मुके. शंभर वर्षं गावाने मुंबईच्या खबरीची वाट बघितली होती. त्या आठवड्यात मुंबईतले चाकरमानी टीव्हीसमोर बसून मालवण, देवगडच्या लाटा बघत होते, आणि ज्यांच्या अंगणात माड पडले होते त्यांना त्यातलं काहीच दिसत नव्हतं. मुंबईतल्या नातेवाइकांपैकी काही जण रात्रभर तीच तीच चित्रं बघत बसले, काहींनी टीव्ही बंद करून टाकला. दोघेही फोन मात्र लावत राहिले.

इथे लोक रेंज शोधत सड्यावर चढले. वाडीतल्या एकाचा फोन बॅटरीवर चार्ज केलेला, आणि इतरांनी चिठ्ठ्यांवर नंबर लिहून दिलेले. प्रत्येकाला अर्धा मिनिट. एकामागून एक सगळे एकच वाक्य बोलत होते, कार्डावर असायचं तेच : इकडे सगळे खुशाल, तुम्ही कसे आहात.